९९ काउंट्या, एक हातोडा

साशंक : सिनेटरच्या आठवड्याचा लेखाजोखा वाचला की मी आधी त्यात काय नाही ते शोधतो. आयोवाचे चक ग्रासली घ्या. कामसूपणाचं उदाहरण म्हणून त्यांचंच नाव पुढे केलं जातं. जन्म १९३३ चा. आधी आयोवाच्या विधिमंडळात, मग सहा वर्षं वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात, आणि १९८१ पासून सिनेटमध्ये. त्यांचा आठवडा ठरलेला असतो. सोमवारी संध्याकाळी पहिलं मतदान. मंगळवारी पक्षाच्या सहकाऱ्यांबरोबर दुपारचं जेवण. तिथे भाकरीपेक्षा धोरणच जास्त भाजलं जातं. मधल्या दिवसांत समितीच्या सुनावण्या आणि आयोवाच्या वार्ताहरांशी फोनवर प्रश्नोत्तरं. गुरुवारी न्यायविषयक समितीत नेमणुकांवर मतं, आणि दुपार कलली की विमानतळ. लेखाजोख्याच्या पत्रकात हे सगळं जणू दोन रकान्यांत मांडतात : देशासाठी एवढं, आयोवासाठी एवढं. आता गंमत बघा. माणूस उजव्या विचारांचा. सरकार लहान असावं, खर्च कमी असावा, बाजाराला त्याच्या चालीने चालू द्यावं, असं म्हणणारा. पण आयोवाचा रकाना काय सांगतो? पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सक्ती राखली, पवनऊर्जेची करसवलत वाचवली, शेतकऱ्यांच्या मदतीसाठी आवाज उठवला. देशाच्या रकान्यात सरकारला दार दाखवायचं आणि आयोवाच्या रकान्यात त्यालाच पाट मांडायचा. हा आठवडा एका माणसाचा आहे की दोघांचा?

समर्थक : तुम्हाला जी विसंगती वाटते ती अमेरिकेच्या घटनेत मुद्दाम घातलेली आहे. सिनेट निघालं ते राज्यांना राज्य म्हणून जागा मिळावी यासाठी. प्रत्येक राज्याला दोन सिनेटर, मग ते राज्य केवढंही असो. १९१३ च्या घटनादुरुस्तीपर्यंत तर सिनेटर निवडायची ती राज्याची विधिमंडळंच. आपल्याकडे राज्यसभेचं नाव तेच सांगतं, पण २००३ पासून ज्या राज्यातून निवडून यायचं तिथला रहिवासी असण्याची अटही उरली नाही. तिथे तसं चालत नाही. आयोवाच्या माणसाने मक्याची बाजू घेतली नाही तर ती घेणार कोण, न्यूयॉर्कचा सिनेटर? आणि ही बाजू दिल्लीत, माफ करा, वॉशिंग्टनमध्ये बसून घेतलेली नाही. आयोवात ९९ काउंट्या, म्हणजे जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. ग्रासली दर वर्षी प्रत्येक काउंटीत जातात, लोकांसमोर उभे राहून प्रश्न घेतात. या फेरीला तिथे त्यांचंच नाव पडलंय. कुणीही उमेदवार सगळ्या काउंट्या फिरला की 'फुल ग्रासली' केली म्हणतात. शिवाय जुलै १९९३ ते नोव्हेंबर २०२० या काळात सिनेटमधलं एकही मतदान त्यांनी चुकवलं नाही. सलग ८,९२७ मतदानं. ती साखळी तुटली ती कोविडमुळे. आणि १९९३ मध्ये जी मतदानं हुकली, ती का हुकली माहीत आहे? आयोवात महापूर आला होता आणि हे पूरग्रस्त भागात होते. तुमचे दोन रकाने समोरासमोर आले त्या दिवशी त्यांनी कुठला निवडला, ते यावरून दिसतं.

साशंक : हजेरीपट चोख आहे, मान्य. शाळेत अशा मुलाला बक्षीस देतात. पण त्यावरून मुलाला गणित येतं असं कुणी म्हणत नाही. मी मक्याकडे वळतो, कारण तिथे आकडे बोलतात. २००५ च्या कायद्याने इंधनात जैवइंधन मिसळणं बंधनकारक झालं आणि २००७ मध्ये ते प्रमाण खूप वाढवलं. मक्याच्या इथेनॉलला त्यात वर्षाला १५ अब्ज गॅलनपर्यंत जागा मिळाली. आज आयोवाच्या निम्म्याहून अधिक मक्याचं इथेनॉल होतं. हा बाजार नव्हे, हे सरकारने कायद्याने उभं केलेलं गिऱ्हाईक आहे. मला याचा राग नाही. आपल्याकडेही साखर कारखान्यांना इथेनॉलने तारलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले तेव्हा कारखानदारांची कशी धावपळ झाली, ते आपण पाहिलं. सरकारने दिलेलं गिऱ्हाईक सरकारच काढून घेऊ शकतं, म्हणून तर सिनेटर लागतो. माझा आक्षेप त्यापुढचा आहे. 'आयोवाचे प्रश्न' या रकान्यात कुठला आयोवा येतो? डी मॉईन शहर नदीचं पाणी पितं. त्या पाण्यात वरच्या शेतांमधून, जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांतून नायट्रेट येतं. ते काढण्यासाठी शहराला १९९० च्या दशकापासून वेगळा प्रकल्प चालवावा लागतो. २०१५ मध्ये पाणीपुरवठा संस्थेने वरच्या तीन काउंट्यांतल्या निचरा-मंडळांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. जून २०२५ मध्ये नायट्रेट इतकं वाढलं की लोकांना हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली. आणि राज्याच्या कर्करोग नोंदणीचे अलीकडचे अहवाल सांगतात की नव्या रुग्णांच्या प्रमाणात आयोवा देशात अगदी वरच्या क्रमांकांवर आहे. त्याचं कारण काय, यावर तिथे वाद चालू आहे. हाही आयोवाचाच प्रश्न ना? पण मका पिकवणाऱ्यांची संघटना आहे, नळाचं पाणी पिणाऱ्यांची नाही. म्हणून सिनेटरच्या आठवड्यात मक्याला जशी हमखास जागा, तशी नळाच्या पाण्याला दिसत नाही.

समर्थक : पाण्याचं तुम्ही म्हणता ते झोंबतं, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. थोडं आहे. शेतातून झिरपणारं पाणी केंद्राच्या स्वच्छ जल कायद्याच्या परवान्यांतून मुळातच वगळलेलं आहे. त्याचं नियमन राज्याच्या विधिमंडळाने करावं, असं परंपरावादी माणूस म्हणेल, आणि त्यात तर्क आहे. तो तर्क सोयीचा आहे का? आहे. पण सोयीचा म्हणून खोटा ठरत नाही.

मुख्य मुद्दा वेगळा. तुम्ही गृहीत धरताय की घरचं काम म्हणजे तत्त्वाला लागलेली गळती. मला उलट दिसतं. ज्याची मुळं घरी पक्की, तोच दिल्लीश्वरांना नाही म्हणू शकतो. १९८० च्या दशकात रिपब्लिकन रेगन अध्यक्ष असताना हा रिपब्लिकन सिनेटर पेंटॅगॉनच्या उधळपट्टीमागे लागला. लिंकनच्या काळातला, १८६३ चा एक कायदा होता : सरकारला फसवून पैसे उकळणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध साध्या नागरिकाने दावा लावायचा आणि वसुलीत वाटा घ्यायचा. तो जवळजवळ मोडीत निघाला होता. १९८६ मध्ये ग्रासलींनी त्यात जीव ओतला. तेव्हापासून त्या कायद्याखाली सरकारी तिजोरीत ७५ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम परत आली आहे. तो पैसा औषध कंपन्यांकडून, रुग्णालयांकडून, शस्त्रास्त्रांच्या ठेकेदारांकडून आला. बिंग फोडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पाठीशी हा माणूस चार दशकं उभा आहे. आयोवाला यात वेगळं काय मिळालं? काही नाही. पण ज्याला निवडून येण्यासाठी शस्त्रास्त्र कंपन्यांच्या दारात उभं राहावं लागत नाही, कारण त्याला गावोगाव लोक ओळखतात, त्यालाच हे परवडतं. पवनचक्क्यांचं घ्या. १९९२ ची पवनऊर्जेची करसवलत त्यांनीच आणली. आज आयोवाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून तयार होते. त्यांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांना पवनचक्क्या बघवत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रासलींनी अर्थखात्याच्या नेमणुका अडवून धरल्या, का, तर सवलतीचे नियम कायद्याप्रमाणेच करा. आयातशुल्काच्या बाबतीतही तेच. त्या वर्षी एप्रिलमध्ये डेमोक्रॅट मारिया कँटवेल यांच्याबरोबर विधेयक आणलं : अध्यक्षांनी नवं शुल्क लावलं तर ४८ तासांत संसदेला कळवायचं, आणि ६० दिवसांत संसदेची संमती मिळाली नाही तर ते शुल्क रद्द.

साशंक : त्या विधेयकाचं पुढे काय झालं?

समर्थक : ते पुढे सरकलं नाही.

साशंक : आणि पवनऊर्जेची सवलत गुंडाळणारा जो मोठा कायदा जुलै २०२५ मध्ये आला, तो सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी पार पडला. उपाध्यक्षांच्या मताने. म्हणजे होकार देणाऱ्या प्रत्येक सिनेटरचं मत निर्णायक होतं. ग्रासलींचं मत कुठे पडलं?

समर्थक : बाजूने. पण त्याआधी त्यांनी आणि सहकारी सिनेटर जोनी अर्न्स्ट व लिसा मर्कोव्स्की यांनी मिळून सवलत बंद होण्याची मुदत लांबवून घेतली. बांधकाम वेळेत सुरू करणाऱ्या प्रकल्पांना वाट मोकळी राहिली. पुढे नेमणुका अडवल्या त्या मिळालेली मुदत नियमांच्या आडून कापली जाऊ नये म्हणूनच. राजकारणात सगळं मिळत नाही. जे पदरात पडलं ते राखावं लागतं. तुम्हाला बंडखोर हवाय. मला वाटाघाटी करणारा चालतो.

साशंक : मला बंडखोर नको आहे. मला पत्रकाची भाषा प्रामाणिक हवी. 'सवलत वाचवली' असं लिहिणं आणि 'सवलत संपवणाऱ्या कायद्याला मत दिलं, पण संपण्याची तारीख पुढे ढकलली' असं लिहिणं यात फरक आहे. असो. एक गोष्ट मात्र मी तुमच्या पारड्यात टाकतो, आणि ती आपल्या लोकांना आवडणार नाही. एच-१बी व्हिसा. पुण्या-मुंबईतल्या, ठाण्या-नाशिकच्या किती घरांत हा शब्द पंचांगासारखा बोलला जातो! वर्षाला नवे ८५,००० व्हिसा, आणि लाभार्थी बहुसंख्येने भारतीय. ग्रासली २००७ पासून, डेमोक्रॅट डिक डर्बिन यांना बरोबर घेऊन, या व्हिसाचे नियम आवळण्याचं विधेयक पुन्हा पुन्हा आणत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये दोघांनी दहा मोठ्या कंपन्यांना पत्रं पाठवून विचारलं, एकीकडे नोकरकपात करता आणि दुसरीकडे परदेशी कामगार मागता, हे कसं? त्या दहांत अमेझॉन, गूगल होत्या, तशी मुंबईत मुख्यालय असलेली टीसीएसही होती. आता आयोवाच्या मक्याचा याच्याशी काय संबंध? नाही. मोठे उद्योग रिपब्लिकन पक्षाचे जुने आश्रयदाते. त्यांना हे रुचणारं नाही. म्हणजे घरचा फायदा नाही, पक्षाचा फायदा नाही, आणि तरी १८ वर्षं तोच हट्ट. मला त्यांची भूमिका पटत नाही. पण त्यांच्या आठवड्यातलं जे काम मला सगळ्यात कमी आवडतं, त्यावरच मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो.

समर्थक : मला उलटी अडचण आहे. मी या माणसाची बाजू घेतोय, आणि व्हिसाच्या बाबतीत मला ते नकोसे वाटतात. मात्र त्यांचं विधेयक वाचलं की थोडं थांबावं लागतं. त्यातल्या बऱ्याच तरतुदी वेतनाच्या आहेत : व्हिसावरच्या माणसाला कमी पगारात राबवून घेऊ नका. तिकडे गेलेल्या आपल्या पोरांची हीच तक्रार असते, फक्त ती ऑफिसात बोलता येत नाही.

(लिहिणाऱ्याने मध्ये पडू नये, पण इथून पुढे साशंकाचा आवाज चढला, आणि माझ्या मते तो चढायलाच हवा होता.)

साशंक : आता त्या आठवड्यांबद्दल बोलू ज्यांच्या पत्रकात काहीच नव्हतं. १३ फेब्रुवारी २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया वारले. १६ मार्चला ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. ग्रासली तेव्हा न्यायविषयक समितीचे अध्यक्ष. त्यांनी सुनावणी घेतली नाही. नाव फेटाळलं नाही, मतदानात पाडलं नाही; फक्त अध्यक्षाचा हातोडा उचलला नाही. ३ जानेवारी २०१७ ला ते नाव आपोआप बाद झालं. त्यानंतर देशाचं सर्वोच्च न्यायालय एका पिढीपुरतं वेगळं झालं. त्या काळातला कुठलाही आठवडा उघडा. मतदानं आहेत, काउंट्यांच्या भेटी आहेत, शेतकऱ्यांशी बोलणं आहे. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत परिणामकारक काम त्या आठवड्यांमध्ये चालू होतं, आणि ते काम म्हणजे काही न करणं. ८,९२७ मतदानांची साखळी त्या वर्षीही अखंड होती! जे मतदानाला येऊच दिलं नाही, त्याला हजर राहण्याचा प्रश्नच नव्हता. कारण दिलं गेलं की निवडणुकीच्या वर्षी जनतेला ठरवू द्या. २०२० मध्ये तसाच प्रसंग आला. ग्रासली आधी म्हणाले होते की अशा वेळी मी समितीचा अध्यक्ष असतो तर सुनावणी घेतली नसती. जागा रिकामी झाली, निवडणूक तोंडावर होती, आणि २६ ऑक्टोबरला त्या जागेवर नेमलेल्या एमी बॅरेट यांच्या बाजूने त्यांनी मत दिलं.

समर्थक : २०२० चं मी झाकणार नाही. पण २०१६ बद्दल एक सांगा. ते लपून केलं होतं का? त्या वसंतात ते काउंट्यांमध्ये गेले, लोकांनी तोंडावर विचारलं, फलक धरले, वर्तमानपत्रांनी झोडपलं. नोव्हेंबरमध्ये त्यांची निवडणूक होती. ६० टक्के मतं मिळाली. मतदाराला माहीत होतं, त्याने तोलून पाहिलं, आणि निवडून दिलं. लोकशाहीत याहून मोठी सुनावणी कोणती?

साशंक : कुठला मतदार? आयोवाची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास. कॅलिफोर्नियाची सुमारे चार कोटी. सिनेटर दोघांनाही दोन-दोनच. राज्यसभेत निदान महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला एक, असा लोकसंख्येचा काही हिशेब असतो. गार्लंड यांच्या जागी जे कुणी आलं त्याचे निर्णय लॉस एंजेलिसच्या माणसाला बांधतात, आणि तो माणूस ग्रासलींना ना प्रश्न विचारू शकत होता ना पाडू शकत होता. तुम्ही म्हणता घरची मुळं घट्ट असली की माणूस वॉशिंग्टनला नाही म्हणू शकतो. खरं आहे. त्याच मुळांच्या जोरावर तो उरलेल्या देशालाही नाही म्हणू शकतो. मका, पवनचक्की, पूर यांतून मिळवलेला विश्वास त्याने अशा कामात खर्च केला ज्याचा मक्याशी काही संबंध नव्हता. म्हणून मला ते दोन रकाने वेगळे वाटतच नाहीत. एकातली जमा दुसऱ्यात खर्ची पडते.

समर्थक : तसं असेल तर जमा कशावर खर्च झाली, तेही सगळं मोजा. त्याच हातोड्याने २०१८ चा 'फर्स्ट स्टेप' कायदा पुढे सरकला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतल्या सक्तीच्या दीर्घ शिक्षा सौम्य करणारा. हा माणूस आधी अशा सुधारणांच्या विरोधात होता. २०१५ मध्ये मत बदललं, विधेयक आणलं, स्वतःच्या पक्षातल्या विरोधकांशी तीन वर्षं झुंजले, आणि सिनेटने ८७ विरुद्ध १२ मतांनी ते मंजूर केलं. हजारो कैदी लवकर घरी गेले. त्यात कृष्णवर्णीयांचा वाटा मोठा. आयोवाच्या शेतकऱ्याने हे मागितलं नव्हतं. आणि आजचं बघा. २०२५ मध्ये ते पुन्हा समितीचे अध्यक्ष झाले. जिल्हा न्यायाधीश नेमताना त्या राज्याच्या सिनेटरांची संमती घ्यायची, ही सुमारे शंभर वर्षांची प्रथा आहे. निळ्या कागदावर ती संमती येते, विरोधी पक्षाच्या सिनेटरकडूनही. राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे मागणी केली की ही प्रथा मोडा. ग्रासलींनी मोडली नाही. नव्वदी उलटलेला माणूस, समाजमाध्यमांवर आपल्याच नेत्याच्या शिव्या खाऊन, एका कागदाच्या चिठोऱ्यासाठी उभा राहिला. मला विचाराल तर परंपरावादी शब्दाला तो इथे जागला. सरकार लहान की मोठं हा मुद्दा नंतरचा. संस्था ज्या रीतीने चालत आली ती रीत राखायची, हा खरा पिंड.

साशंक : निळ्या कागदाची गोष्ट अर्धी सांगितलीत. जिल्हा न्यायाधीशांच्या वरचे अपील न्यायाधीश असतात, आणि केंद्रीय न्यायालयांतल्या बहुतेक अपिलांचा शेवट तिथेच होतो. त्यांच्यासाठीही हीच प्रथा होती. २०१७ मध्ये विरोधी सिनेटरचा कागद आला नसताना सुनावणी घ्यायची, असं ज्यांनी ठरवलं त्या समिती-अध्यक्षांचं नाव चक ग्रासली. खालच्या न्यायालयात प्रथा राखली, वरच्या न्यायालयात सोडली. आता तुम्हीच सांगा, प्रथा राखणारा तो की तिची किंमत पाहून राखणारा?

समर्थक : किंमत पाहून राखणाराच असेल. पण ज्यांनी किंमत न पाहता सगळंच मोडलं ते बाजूला उभे आहेत, म्हणून तो मला बरा दिसतो. आणि तुमच्या रकान्यांबद्दल बोलायचं तर एप्रिल २०२५ मध्ये आयोवातल्या फोर्ट मॅडिसनला सभा झाली. लहानसं नदीकाठचं गाव. तिथे लोकांनी ओरडून विचारलं ते एल साल्वादोरच्या तुरुंगात चुकीने धाडलेल्या मेरीलँडच्या माणसाबद्दल, त्याच्याबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाबद्दल. लॉस एंजेलिसच्या माणसाला जो प्रश्न विचारता येत नाही असं तुम्ही म्हणता, तो आयोवाच्या शेतकऱ्या-निवृत्तांनी त्याच्या वतीने विचारला. ९९ काउंट्यांची फेरी नसती तर हे कुठे घडलं असतं? त्यांच्याच पक्षातले कित्येक जण त्या दिवसांत अशा सभा घेणं टाळत होते.

साशंक : सभा घेतली, याचं श्रेय पूर्ण देतो. उत्तर काय मिळालं? ते संसदेच्या अधिकारात येत नाही, एल साल्वादोर हा स्वतंत्र देश आहे, अशा अर्थाचं. उत्तर खोटं नव्हतं. संसद परक्या देशाच्या तुरुंगाचं कुलूप उघडू शकत नाही. पण बोलणारा माणूस न्यायविषयक समितीचा अध्यक्ष होता. सरकार न्यायालयाचा आदेश पाळतंय का, यावर सुनावणी लावणं त्याच्या हातात होतं. मका, वारा, व्हिसा यांच्यासाठी तो आठवड्यात किती पत्रं लिहितो, किती नेमणुका अडवतो, ते तुम्हीच आता सांगितलंत.

समर्थक : इथे मी अडकतो, पण तुम्हीही अडकता. समितीकडे शेकडो विधेयकं येतात, शेकडो तक्रारी. आठवडा चार दिवसांचा. ज्याची सुनावणी झाली नाही ते प्रत्येक प्रकरण अडवलेलं असतं असं नाही. काही राहून जातं, काही दुसऱ्या कुणाचं काम असतं, काही न्यायालयात चालू असतं म्हणून हात लावायचा नसतो. गार्लंड यांच्या बाबतीत त्यांनी पत्रावर सही करून कारण दिलं, म्हणून तुम्हाला ते मोजता आलं. पाण्याच्या बाबतीत, एल साल्वादोरला धाडलेल्या माणसाच्या बाबतीत, मी कशावरून ओळखू की हे अडवलेलं आहे की राहून गेलेलं?

साशंक : ओळखता येत नाही. सिनेटरलाही ते ठाऊक आहे. त्याची मुदत जानेवारी २०२९ पर्यंत आहे, आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पुन्हा मतदान आहे. तिथे तो हजर असेल, याबद्दल तुमचं-माझं एकमत आहे.